शोकप्रस्तावाला अनुमोदन

१

आमची काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, आता नाही. ती लढाईत गेली नाही की पुरात बुडाली नाही. डब्लिनला कायदा झाला आणि तिला दक्षिणेकडच्या शेजारणीच्या गळ्यात बांधून टाकलं, एवढंच. डोंगर जागेवर आहे, दलदल जागेवर आहे, शॅननचं तळं जागेवर आहे. गेली ती फक्त आमची कौन्सिल. तिची शेवटची अध्यक्षा मी, फिल हॅकेट, मुक्काम टोबरब्रॅक. लोक विचारतात, “फिल, वाईट वाटत असेल नाही?” वाटतं की. पण आमची शेवटची सभा आम्ही जिंकलो, आणि तशी सभा या देशात दुसऱ्या कुठल्या कौन्सिलने जिंकली असेल असं मला वाटत नाही.

सभा महिन्यातून एकदा, सोमवारी सकाळी, कॅरिगबॉनच्या जुन्या कोर्टात भरायची. न्यायाधीशाच्या उंच खुर्चीत अध्यक्ष, खाली अर्धगोल बाकांवर सभासद आणि आरोपीच्या पिंजऱ्यात फोटोकॉपीचं यंत्र. पहिलं काम शोकप्रस्तावाचं. आपल्या मतदारसंघात जो कोणी वारला असेल त्याचं नाव आणि गाव सभासदाने सांगायचं, दुसऱ्या कोणीतरी ‘अनुमोदन’ म्हणायचं आणि मग सगळ्यांनी उठून माना खाली घालायच्या. खड्डे, गटारं, गळके नळ, सगळं त्यानंतर. नाव घ्यायला कोणी कधी विसरत नसे. मेलेल्याचं मत जातं, पण घरच्यांची राहतात ना! मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणा हवं तर. मीही ते वर्षानुवर्षं खाल्लंय.

अनुमोदनाचं खातं डिनी शनहन यांच्याकडे. दलदलीकडचे सभासद, ऐंशीच्या घरातले, अर्धी सभा डोळे मिटून काढायचे. पण नाव कानावर पडलं की डोळे न उघडताच म्हणायचे, “अनुमोदन.” शोकाला नाही कोण म्हणणार? कोण गेलं, कधी गेलं, नाव कोणी पुकारलं, हे विचारणंसुद्धा आमच्याकडे असभ्यपणाचं. घरच्यांच्या कानावर गेलं तर पुढच्या निवडणुकीत तुमचाच शोकप्रस्ताव व्हायचा.

फेब्रुवारीत नावं संपली. मी घंटेकडे हात नेला, तेवढ्यात मागच्या बाकांवरून आवाज आला.

“जोसी गुइनन, स्लीव्ह डूनचा माथा.”

“अनुमोदन,” डिनी म्हणाले. आम्ही उठलो, माना खाली घातल्या.

चहाच्या वेळी कॉन ट्रेसी माझ्याजवळ आला. विरोधी पक्षाचा पुढारी, जमिनींचे लिलाव करणारा, माझ्याशी भांडल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. “काय गं फिल, जोसीला काय झालं? काल तर बिंगोत माझ्या शेजारी बसून माझ्याच बिस्किटांवर ताव मारत होती.”

“मला काय ठाऊक? नाव तूच घेतलंस ना?”

“मी? मला वाटलं तुमच्या पक्षातलं कोणीतरी.”

डोंगराकडचा सभासद गेल्या वर्षी मुलाकडे कॅनडाला निघून गेला होता. काउंटीच बंद होणार, म्हणून त्याची जागा भरायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. आमच्या सचिव ॲट्रॅक्टा क्विर्क यांचा चेहरा पडला. धडधाकट बाईला कौन्सिलने श्रद्धांजली वाहिली होती आणि वार्ताहर मागे बसून सँडविच खात होता. माफी मागायला कोणी जायचं यावर आमचा दोन दिवस वाद चालला. तो मिटायच्या आत जोसी झोपेतच गेली.

“चला,” कॉन म्हणाला, “ठराव वाया नाही गेला.”

आम्ही हसलो. जरा जास्तच हसलो.

२

मी जन्मभर पोस्ट चालवलं. अफवा कुठली आणि बातमी कुठली, हे मला वासावरून कळतं. म्हणून मार्चच्या सभेत मी कान देऊन बसले. मनाशी म्हणत होते, कोणीतरी चुकून बोललं असेल, जोसीचं वय झालं होतंच, योगायोग. योगायोगाला कोणाच्या बापाची भीती?

नावं संपली. मागे बाक करकरला. आमचे बाक जुन्या ओकचे आहेत. माणूस बसला की करकरतात आणि उठला की पुन्हा करकरतात.

“नेड लेही, वरची चौफुली.”

आवाज पुरुषाचा होता, हळू आणि सभ्य. सरकारी कचेरीत टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस कसा घसा साफ करून बोलतो, तसा. त्यात धमकी नव्हती, दुःखही नव्हतं. काम सांगावं तसं नाव सांगितलं होतं.

“अनुमोदन.”

मी मान खाली घालायच्या ऐवजी वर केली. डोंगराकडचा बाक रिकामा होता. पण त्याची फळी मध्ये किंचित वाकलेली होती, आणि आम्ही सगळे उभे होतो.

फळी जुनी आहे, मी स्वतःला सांगितलं. ओलीने वाकली असेल. नेड तर दवाखान्यातच होता. कोणाला तरी आधी कळलं असेल. त्या आठवड्यात नेड गेला तेव्हा मी अंत्यविधीला गेले, घरच्यांचे हात हातात घेतले, आणि परतताना गाडीत एकटीनेच मोठ्याने म्हटलं, “दवाखान्यात होता तो.” माझा आवाज मलाच पटला नाही.

एप्रिलमध्ये डिनींनी डोळेही उघडले नाहीत.

“बर्नी टूही, जुनी गिरणी.”

“अनुमोदन.”

३

सभा संपताच मी गिरणीवर गेले. स्लीव्ह डून डोंगरावरून आमचा एकच रस्ता उतरतो. वर माथा, मग चौफुली, मग ओढ्यावरची जुनी गिरणी, मग टोबरब्रॅक आणि त्याखाली दलदलीच्या कडेने तळ्यापर्यंत. हा रस्ता मी हजारदा चढले-उतरले असेन. त्या दिवशी गिरणीच्या वळणावर गाडी लावताना पहिल्यांदा लक्षात आलं, की कोणीतरी तो पायी उतरत होतं. घाई नव्हती त्याला. दर महिन्याला एक घर.

बर्नी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. कॅरिगबॉनमध्ये कोणी शिंकलं तर गिरणीवर ‘देव भलं करो’ म्हणतात, त्यामुळे तिला सगळं आधीच कळलं होतं.

“या अध्यक्षबाई! माझ्या आत्म्याला शांती मिळाली का?”

“बर्नी, थट्टा नको. तब्येत बरी आहे ना?”

“मेल्यापासून एकदम बरी आहे. ये आत, चहा टाकते.”

स्वयंपाकघरात टेबलाजवळची एक खुर्ची ओढलेली होती. समोर चहाचा कप, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

“कोण आलं होतं गं?”

“काल ना? तुमच्याच कौन्सिलचा माणूस. रस्त्याचं काम आहे म्हणाला. बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, माझं नाव विचारलं आणि गेला. चहाला तोंडसुद्धा लावलं नाही बघ.”

“काल रविवार होता, बर्नी.”

“अगं हो की!” ती हसली. “कौन्सिलचा माणूस आणि रविवारी कामावर! तेव्हाच संशय यायला हवा होता.”

“दिसायला कसा होता?”

तिने सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. आपलं घर शोधताना माणूस वाट चुकावा तसे तिचे डोळे भिरभिरले. “सभ्य,” ती शेवटी म्हणाली. “फार सभ्य होता गं. टोपी तपकिरी होती.”

“आणि चेहरा?”

“टोपी तपकिरी होती,” ती पुन्हा म्हणाली, आणि तिचं हसू विरलं.

मी त्या खुर्चीच्या बैठकीला हात लावला. ओली होती. बोटांना दलदलीचं काळं पाणी लागलं आणि त्याचा कुजका, थंड वास दिवसभर गेला नाही. तिथूनच मी कौन्सिलच्या इंजिनियरला फोन केला. या रस्त्यावर त्याने कोणालाही पाठवलं नव्हतं.

मी बर्नीला म्हटलं, आमच्याकडे राहायला चल. ती म्हणाली, कोंबड्यांना कोण बघणार? मी डॉक्टरला पाठवलं. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा बरी आहे. दोन दिवसांनी ती अंगणात पडलेली सापडली, दाण्यांचं भांडं हातात तसंच. त्या दिवशी मी रडले. आणि रडता रडता माझ्या पायाखालची वाळू सरकली, कारण गिरणीच्या खाली पुढचं घर आमचं आहे.

४

शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी चर्चमधून घरी आले. माझा नवरा मार्टी टेबलाशी बसला होता. तो जन्मभर तळ्यावरच्या बोटी दुरुस्त करत आला. बटाटे गार होऊ देणारा माणूस नाही. त्याच्या ताटातले बटाटे गार झाले होते.

“तुझा माणूस येऊन गेला,” तो म्हणाला.

“माझा कोण माणूस?”

“कौन्सिलचा. रस्त्याचं काहीतरी.”

मी पर्स खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून पडली. “काय बोलला?”

“नाव विचारलं.”

“आणि तू सांगितलंस?”

“नाव विचारल्यावर काय माशांचा भाव सांगू? सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. बहिरा असेल बिचारा.” त्याने हात चोळले. “थंडी आहे का गं? मला सकाळपासून ऊब येईना.”

मे महिन्यातलं ऊन खिडकीतून त्याच्या अंगावर पडलं होतं. मी त्याचे हात हातात घेतले. ओढ्यातल्या दगडासारखे गार होते. माझ्या नेहमीच्या खुर्चीच्या बैठकीवर काळपट ओल पसरली होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस माझ्यासमोर बसून बटाट्यांकडे नुसता बघत होता.

मार्टीला दोन गोधड्यांत गुंडाळून मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि विचार करायला लागले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. ठेवला असता तरी उपयोग काय होता? मला कामकाज कळतं, म्हणून मी कामकाजाचाच विचार केला. तो बर्नीच्या घरात बसला होता, हाताच्या अंतरावर. तिला न्यायचंच होतं तर त्याने तिथेच का नेलं नाही? तो उठला, सोमवारची वाट पाहिली, सभागृहात आला, नीट नाव पुकारलं आणि थांबला. कशासाठी थांबला?

अनुमोदनासाठी. परवानगी आम्ही देत होतो, तीही झोपेत.

सभा रद्द करावी का? ॲट्रॅक्टाबाई फोनवर म्हणाल्या, शेवटची सभा कायद्याने भरलीच पाहिजे. आणि शोकप्रस्ताव गाळला तर? मग तो टोपीवाला पुढच्या मोठ्या कौन्सिलकडे गेला असता, जिथे चाळीस अनोळखी माणसं डोळे मिटून ‘अनुमोदन’ म्हणाली असती. नाही. त्याचा निकाल माझ्याच सभागृहात लावायचा होता.

मी डिनींना फोन केला आणि सगळं सांगितलं.

“फिल, मी काय मुद्दाम बोलतो गं? शिंकेसारखं येतं ते.”

“मग उद्या तोंडात काहीतरी कोंबून बसा.”

“देवा रे. बर्नीलाही मीच…”

“डिनी, ते नंतर. उद्या तोंड बंद.”

मग कॉनला फोन केला. वाटलं होतं तो हसेल. तो म्हणाला, “बर्नी माझ्या आईची मैत्रीण होती. काय करायचं सांग.”

“काहीच नाही करायचं. कोणाला काही करू द्यायचं नाही.”

“कौन्सिलला ते चांगलं जमतं,” कॉन म्हणाला.

५

सोमवारी सभागृह गच्च भरलं होतं. काउंटीची शेवटची सभा. माजी सभासद, त्यांच्या विधवा, शाळांमधली मुलं, वार्ताहर. मी गळ्यात अध्यक्षपदाची साखळी घालून उंच खुर्चीत बसले. मार्टीला शेजारणीच्या हवाली करून आले होते. निघताना त्याचे ओठ निळे पडले होते.

शोकप्रस्ताव सुरू झाले. तळ्याकडची नावं झाली, गावातली झाली, दलदलीकडची झाली. प्रत्येकाला कोणी ना कोणी अनुमोदन दिलं. डिनींनी मात्र एकालाही नाही, कारण ते टायचं टोक तोंडात घेऊन बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. म्हातारा गेला कामातून, असंच त्यांना वाटलं असणार.

नावं संपली. इतक्या गर्दीतही डोंगराकडच्या बाकावर कोणी बसलं नव्हतं. लोक भिंतीशी उभे होते, पण त्या बाकापासून अंग चोरून. बाक करकरला.

“मार्टी हॅकेट, टोबरब्रॅक.”

डिनींचं अंग झटका बसल्यासारखं हललं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण टाय बाहेर पडला नाही. तळ्याकडच्या एका बाईंचे ओठ हलले. कॉनने त्यांचा पाय असा तुडवला की त्या किंचाळल्या. मग कोणीच काही बोललं नाही. आमच्या सभागृहात शोकप्रस्तावानंतर अशी शांतता कधी पडली नव्हती. त्या शांततेलाच काय करावं ते कळेना.

मी गळ्यातली साखळी सरळ केली.

“नियमाप्रमाणे,” मी म्हणाले, “सूचकाने उभं राहून आपलं नाव आणि मतदारसंघ सांगावा.”

लोक वळून मागे बघायला लागले. कोणाला सांगतेय ही? बाक पुन्हा करकरला, उठताना करकरतो तसा. मी पाहिलं. सगळं नाही पाहिलं. तपकिरी टोपी दोन हातांत धरलेली पाहिली आणि हातांवरून थेंब गळताना पाहिले. मग कोट वर वर जाताना पाहिला. तो उठत होता आणि त्याचं उठणं संपतच नव्हतं. खिडकीची वरची चौकट गेली, दिव्याची साखळी गेली, तरी खांदे येईनात. मी नजर खाली आणली आणि टोपीवरच ठेवली. वर जे होतं ते बघितलं असतं तर माझी वाचा गेली असती, आणि त्या दिवशी मला फक्त वाचेचीच गरज होती.

“नाव ऐकू आलं नाही,” मी म्हणाले. “पुन्हा सांगा.”

पाणी ठिबकल्याचा आवाज आला. दुसरं काही नाही. दुसऱ्यांची नावं विचारत फिरणाऱ्याला स्वतःचं सांगता येत नव्हतं. तेव्हा माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. त्या खुर्चीतून मी मंत्र्यांना गप्प केलं होतं, ठेकेदारांना घाम फोडला होता. हाही एक सूचकच होता, आणि त्याचे कागद अपुरे होते.

“ठीक आहे. ठराव सभागृहापुढे आहे. अनुमोदक कोण?”

कोणी नाही.

“अनुमोदक?”

कॉन हाताची घडी घालून छताकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. डिनी हुंदके देत टाय चावत होते.

“तिसऱ्यांदा विचारते. या सभागृहात कोणी अनुमोदक आहे का?”

थंडी बाकांवरून सरकत पुढे आली. पुढच्या रांगेतल्या विधवांनी कोट ओढून घेतले. माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात काळं काहीतरी ढवळून निघालं. तो विनंती करत होता. खरं सांगते, मला ती जाणवली. सभ्य, जुनी, न संपणारी विनंती. एवढा रस्ता उतरून आलोय, एक शब्द तर द्या. आणि आम्ही सभ्य माणसं. नाही म्हणायला आम्हाला किती जड जातं ते आमचं आम्हालाच माहीत.

“अनुमोदन नाही,” मी म्हणाले. “ठराव पडला.” आणि घंटा अशी वाजवली की तिचा लोलक निघून फोटोकॉपीच्या यंत्रावर जाऊन आदळला.

ताडकन कॉन ट्रेसी उभा राहिला. माझा जन्माचा वैरी. “अध्यक्षबाई! मी अभिनंदनाचा ठराव मांडतो. टोबरब्रॅकचे मार्टी हॅकेट यांचं, ते हयात आहेत आणि इतकी वर्षं तुमच्याशी संसार करूनही हयात आहेत, याबद्दल हे सभागृह अभिनंदन करत आहे!”

डिनींनी टाय थुंकून टाकला. “अनुमोदन!” ते ओरडले. डोळे टक्क उघडे होते. “अनुमोदन! अनुमोदन!”

आधी कोणीतरी हसलं. मग टाळ्या. मग सगळं कोर्ट उठून उभं राहिलं, बाक बडवायला लागलं, भिंतीशी उभे असलेले पाय आपटायला लागले. काय चाललंय हे निम्म्यांना माहीत नव्हतं, पण काउंटीची शेवटची सभा होती आणि त्यांना ओरडायचं होतं. त्या गदारोळात डोंगराकडच्या बाकाची फळी वर उसळल्याचं मी पाहिलं, ओझं उतरल्यावर उसळते तशी. दार उघडलं नाही. डोंगराकडच्या खिडकीच्या काचेवरून बाहेरच्या बाजूने पाण्याचा एक रुंद ओघळ वर चढत गेला. वरच, खाली नाही. मग काच कोरडी झाली.

उरलेलं कामकाज आम्ही पंधरा मिनिटांत उरकलं. खड्ड्यांबद्दलसुद्धा कोणी भांडलं नाही. मी साखळी काढून टेबलावर ठेवली आणि सभा बेमुदत तहकूब केली. कॉनने मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची, असं त्याने बजावून सांगितलं.

घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. दार ढकललं तर बटाट्यांचा वास आला. मार्टी गोधड्या फेकून देऊन चुलीशी उभा होता, बाह्या वर सारलेल्या, गाल लाल, आणि सोबतीला बसवलेल्या शेजारणीशी लोण्याच्या किमतीवरून हुज्जत घालत होता. मी त्याचे हात धरले. ऊबदार होते. चटका बसावा इतके.

“रडतेस काय?” तो म्हणाला. “काय झालं सभेत?”

“तुझ्या अभिनंदनाचा ठराव झाला.”

“माझ्या? कशाबद्दल?”

“जिवंत असल्याबद्दल.”

त्याने बटाटा तोंडात टाकला. “एकमताने?”

“नाही,” मी म्हणाले. “एक जण विरोधात होता.”

“मग?”

“मग काही नाही. त्याला अनुमोदक मिळाला नाही.”